फोल्गा

रबाळ्याच्या शेडमध्ये ब्राझीलची जुनी प्रेस उतरली
तेव्हा तिच्यासोबत आलेल्या मॅन्युअलला
ओल्या गोणपाटाचा वास होता.
चारशे बारा पानं. शब्दाला दीड रुपया.
पोर्तुगीजमधून इंग्रजीत, शुक्रवारपर्यंत.

मी कोर्लईची. घरी आम्ही बोलतो ती
किल्ल्यावरच्या शिपायांनी मागे ठेवलेली,
मासळीच्या पाटीत मुरलेली पोर्तुगीज.
तिच्यात भांडता येतं, जाळं विणता येतं,
मेलेल्या माणसाला निरोप देता येतो.
हायड्रॉलिक प्रेस उघडता येत नाही.

म्हणून केबिनचा लोखंडी जिना उतरून
तासातासाला पदाजी भोपींकडे.
ते गोठिवलीचे. ही शेड उभी आहे
ते त्यांच्या आज्याचं खाचर;
त्यांनी नाही, वॉचमननं सांगितलं.

मी वाचते, मकाकु. माकड.
माकडानं उचला, असं लिहिलंय.
ते तेलकट बोट दाखवतात: जॅक.
पोर्का, डुकरीण. — नट.
कमीझा, सिलिंडरचा सदरा. — लायनर, मॅडम.
शावि इंग्लेझा, म्हणजे इंग्रजी चावी;
इंग्रजीत गेली की तिचं इंग्रजपण गळतं,
उरतो नुसता अ‍ॅडजस्टेबल पाना.

आणि बोंबा.
बोंबा म्हणजे पंप, एवढं मला येत होतं,
पण डोळ्यांपुढे आला तो आमच्या न्हाणीतला
तांब्याचा बंब, खाली नारळाच्या करवंट्या पेटलेला.
इतकी वर्षं तो तिथेच धुमसत बसलेला
आणि मी त्याला ओलांडून लिहिलं, पंप.
दीड रुपया.

पान दोनशे सदुसष्ट.
खांबांच्या जुळणीची आकृती,
छापील अक्षरात: फोल्गा, शून्य पूर्णांक तीन.
म्हणजे फट, दोन भागांत ठेवायची जागा.
आणि समासात पेन्सिलीनं, घाईघाईत कुणीतरी:
आज फोल्गा.
त्यापुढे ग्रीसचा अंगठा.

इशारा असणार, मी म्हणाले.
भोपींनी चारी खांबांची कव्हरं काढली.
फीलर गेजची पाती एकेक करून सरकवली,
वाकून, मग बसून, मग पाठीवर पडून,
बारापासून चारपर्यंत.
बाहेर पारसिकच्या कापलेल्या टेकडीवरून
खडीचे डंपर उतरत होते.
कुठेच नाही मॅडम. पॉइंट तीन. बरोब्बर.

मग मी पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
ग्रीसमधून अक्षरं उलटीकडून वर आली:
मुलगी झाली.

फोल्गा. सुट्टी.
दोन्हीला एकच शब्द आहे त्यांच्याकडे
आणि मला तो ठाऊक होता,
कोर्लईत रविवारी तेच म्हणतात.
चार तास आम्ही एका माणसाची सुट्टी
फीलर गेजनं शोधत होतो.

वाटलं, भोपी चिडतील. त्यांनी चष्मा काढला.
म्हणाले, आम्ही प्ले म्हणतो.
तेवढा नसला तर लोखंड लोखंडाला धरतं,
मग जळतं.
थोड्या वेळानं म्हणाले,
मोकळीक लागतेच.

मी मनात बोलून पाहिलं, मोकळीक.
दोन्हीकडे बसत होता.
पण फाइल इंग्रजीत जायची होती,
मराठीत मागितली कुणीच नव्हती.
मी लिहिलं, क्लिअरन्स.
पेन्सिलीचे पाच शब्द बिलात धरले नाहीत.

नाव लिहिलंय का पोरीचं?
नाही.

ते कव्हरांचे बोल्ट आवळायला वळले,
अर्ध्यातून परत आले,
कॉटन वेस्टचा कोरा कोपरा शोधला
आणि ते पान पुसलं,
पेन्सिल सोडून, कडेकडेनं.